कॅन्सर मार्करचा आकडा वाढलेला आला तेव्हा

मी सांगलीत एका बँकेत आहे, वय ५१. दर वर्षी फेब्रुवारीत बँक कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी करते. सकाळी लॅबची माणसं शाखेतच टेबल मांडतात, उपाशीपोटी रक्त घेतात, मग सगळ्यांना उप्पीट आणि चहा. २०२५ च्या पॅकेजात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइडच्या जोडीला 'महिलांसाठी कॅन्सर स्क्रीनिंग' अशी नवी ओळ होती. त्यात सीए-१२५, सीए १५-३, सीए १९-९, सीईए, एएफपी अशी नावं. हे कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ. जादा साडेसातशे रुपये भरायचे. आमच्या शाखेतल्या आम्ही चौघीही हो म्हणालो. माझ्या थोरल्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या, कॅन्सरनं गेल्या. कळलं तेव्हा तिसरी स्टेज होती, त्यामुळे मला तर कुणी आग्रह करायचीही गरज नव्हती.

तीन दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. बाकी सगळं ठीक, फक्त सीए-१२५ ठळक लाल अक्षरात : ५८. शेजारी मर्यादा ३५. खाली एक छापील वाक्य, 'कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' दुपारी लॅबमधून एका मुलीचा फोनही आला, पण रिपोर्टबद्दल विचारलं तर तिला काही सांगता येईना. ती 'ॲडव्हान्स पॅकेज' विकत होती.

आमच्या शाखेत मयत खातेदारांच्या वारसांचे क्लेम माझ्या टेबलावर असतात. त्यामुळे असेल कदाचित, पण मी त्या संध्याकाळी सगळ्यात आधी माझ्या सगळ्या एफडींना नॉमिनी लावलाय का ते तपासलं. एकीला नव्हता. फॉर्म भरून टाकला आणि मग घरी आले. सासूबाईंना काही सांगितलं नाही. ह्यांना जेवणं झाल्यावर सांगितलं, तर ते रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसले आणि सकाळी माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरलेला.

आमचे फॅमिली डॉक्टर विश्रामबागेत आहेत. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त दिलं त्या दिवशी पाळी चालू होती का?"

होती, दुसरा दिवस होता. शिबिरात मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि फॉर्मवर तसा रकानाही नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. ते ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी बनवतात तसं गर्भाशयाचं अस्तर आणि पोटाच्या आतलं आवरणही बनवतं. पाळीत ते वाढतं. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, लिव्हरचे आजार, गरोदरपण, यातही वाढतं. उलट ओव्हरीचा कॅन्सर अगदी पहिल्या स्टेजला असेल तर निम्म्या बायकांमध्ये हा आकडा वाढलेला नसतोच. ज्यांना कॅन्सर झालाय हे आधीच माहीत आहे, त्यांच्यावर उपचार लागू पडतायत का ते बघायला ही तपासणी फार कामाची. धडधाकट माणसांमधून कॅन्सर हुडकायला ती तितकी चालत नाही. इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर याचाच मोठा अभ्यास झाला. २००१ मध्ये सुरू झाला, शेवटचे निकाल २०२१ मध्ये आले, आणि दरवर्षी सीए-१२५ करून ओव्हरीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत.

"मग पॅकेजात घालतात कशाला?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर नुसतेच हसले. माझं मत सांगते : एकदा सुई टोचलीच आहे तर त्याच रक्तावर आणखी पाच तपासण्या लावणं लॅबला सोपं जातं, आणि 'कॅन्सर' शब्द बघितला की आपण पैसे देतो.

पण आलेला आकडा फाडून टाकता येत नाही. डॉक्टरांनी मिरजेच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिरजेला गेलो. ज्यांनी मिरजेच्या दवाखान्यात नंबर लावलाय त्यांना माहीत असेल, बाकावर निम्मं कानडी ऐकू येतं. अथणी, रायबाग, कुडची भागातून माणसं पहाटेची निघालेली असतात. माझ्या शेजारच्या आजींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी सोडली, मलाही आग्रह केला. मी पोट भरलंय म्हणाले, पण खरं तर घास उतरला नसता. इथं एक सांगते. सोनोग्राफीची वेळ घेताना पोटावरून आहे की आतून, हे फोनवरच विचारून घ्या. पोटावरून असेल तर लघवी तुंबवून बसावं लागतं, आतून असेल तर उलट जाऊन यावं लागतं. मी दोन बाटल्या पाणी पिऊन तासभर पाय आवळून बसले आणि माझी आतून होती. सोनोग्राफीचे पंधराशे, मॅडमची फी सहाशे.

रिपोर्टमध्ये दोन्ही ओव्हरी स्वच्छ, पोटात पाणी नाही. गर्भाशय मात्र थोडं मोठं आणि त्याच्या भिंतीत अस्तर शिरलेलं. याला ॲडिनोमायोसिस म्हणतात. गेली तीन-चार वर्षं पाळीत माझी कंबर जाते ती कशानं, तेही कळलं.

मॅडमनी मग चिठ्ठीच्या पाठीमागे एक हिशेब मांडला. सोनोग्राफीत संशयास्पद काही दिसलं तर त्याचे गुण, पाळी चालू असेल तर १ आणि गेली असेल तर ३, आणि सीए-१२५ चा आकडा. तिन्हींचा गुणाकार करायचा. दोनशेच्या वर गेला तर लगेच कॅन्सरतज्ज्ञ. माझे सोनोग्राफीचे गुण शून्य, पाळी अनियमित का होईना पण चालू म्हणून १, आणि ५८.

"करा गुणाकार," मॅडम म्हणाल्या. "बँकेत आहात ना?"

शून्य. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवलाय.

घरातल्या कॅन्सरचंही त्यांनी विचारलं. मी जाऊबाईंचं सांगितलं. "अहो, जाऊ म्हणजे तुमचं रक्ताचं नातं नाही. आई, बहीण, मावशी, आजी, आत्या सांगा." तिकडे कुणाला नव्हता. पण जाऊबाईंच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारायला सांगितलंय. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये काही घरांत जनुकातला दोष पुढं जातो आणि तो तपासता येतो. ती पुण्याला असते. तिनं नंतर वेळ घेतली, ती वेगळी गोष्ट.

माझं ठरलं ते असं : पाळी संपल्यावर, सहा आठवड्यांनी, पुन्हा सीए-१२५. त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येक लॅबची यंत्रं आणि किट वेगळी, दोन लॅबचे आकडे एकाला एक लावता येत नाहीत. आणि तोवर काही नाही. हे 'काही नाही' मला सगळ्यात जड गेलं. मार्चअखेर होती म्हणून बरं, बँकेत मान वर करायला वेळ नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर पुन्हा रक्त दिलं. अकराशे रुपये. आकडा आला ४१.

कमी झाला, पण ३५ च्या वरच. आता काय करायचं, हे घरात कुणालाच कळेना. मॅडम म्हणाल्या, ॲडिनोमायोसिस आहे, एवढा राहणारच. तीन महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करू आणि विषय संपवू. मला पटलं होतं. पण धाकटा पुतण्या आयटीत आहे, त्यानं फोनवर सांगितलं, "काकू, हे जुनं झालं सगळं. आता एका रक्ताच्या तपासणीत पन्नास कॅन्सर कळतात. करून टाका, डोक्याला ताप नको."

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. अमेरिकेत २०२१ पासून 'गॅलेरी' नावाची अशी चाचणी मिळते, ९४९ डॉलरला. आपल्याकडेही आल्यात. रिलायन्सच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसनं डिसेंबर २०२४ मध्ये 'कॅन्सरस्पॉट' आणली, आणि नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स रक्तातून गाठीच्या सुट्या पेशी शोधते. आम्ही केली ती कुठल्या कंपनीची, ते लिहीत नाही. जाहिरात नको आणि तक्रारही नाही.

करायच्या आधी मिरजेतल्या एका कॅन्सरतज्ज्ञांना भेटलो. फी आठशे, वेळ मिळायला दहा-बारा दिवस. एवढा उशीर का म्हणून मी रिसेप्शनवर जरा आवाज चढवला, तर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, निदान झालेल्या पेशंटना आधी घेतो." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अर्धा तास दिला. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. प्रत्येक अवयवाच्या डीएनएवर रासायनिक खुणा वेगळ्या असतात. या खुणा वाचून कॅन्सरचा 'सिग्नल' आहे का आणि तो कुठल्या अवयवाकडून येत असावा, हे सांगायचा प्रयत्न म्हणजे ही चाचणी. मग ते म्हणाले, "आता तुमच्या प्रश्नाला याचा किती उपयोग, ते बघू." अमेरिकेतल्या त्या चाचणीचे छापून आलेले आकडे त्यांनी सांगितले. कॅन्सर आहे हे माहीत असलेल्या लोकांच्या रक्तावर तपासलं तेव्हा चौथ्या स्टेजचे शंभरातले नव्वद पकडले. पहिल्या स्टेजचे? शंभरात सतराच्या आसपास. म्हणजे गाठ लहान असताना रक्तात तुकडेच इतके कमी की हाती लागत नाहीत.

आणि दुसरी बाजू. पन्नाशीच्या पुढच्या साडेसहा हजारांवर लोकांची चाचणी केली, त्यात ९२ जणांना सिग्नल आला. पुढं स्कॅन, बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं) सगळं झाल्यावर खरोखर कॅन्सर निघाला ३५ जणांना. बाकीच्या ५७ जणांचा फेरा फुकट. "तुम्ही एका आकड्यामागं दोन महिने धावताय. सिग्नल आला तर पेट-स्कॅन, त्यात एखादी जुनी टीबीची गाठ चमकली की तिची बायॉप्सी. आपल्याकडं टीबी किती, माहीत आहे ना? आणि नाही आला तर मी तुम्हाला सोनोग्राफी करू नका म्हणणार आहे का? नाही." अशा चाचणीमुळे कॅन्सरचे मृत्यू कमी होतात, असं अजून कुठं सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेनं एक लाख चाळीस हजार लोक घेऊन २०२१ मध्ये अभ्यास सुरू केला होता.

एवढं ऐकूनही आम्ही ती केली. पुतण्यानं पैसे भरून टाकले होते आणि ह्यांना झोप लागत नव्हती, ही खरी कारणं. पंधरा हजारांच्या घरात गेले. मे महिन्यातल्या उन्हात एक मुलगा बॅग घेऊन घरी आला. संमतीचा फॉर्म पाचेक पानांचा, सगळा इंग्रजीत. मी ओळ न् ओळ वाचली, सवयच आहे. 'हे निदान नाही, नेहमीच्या तपासण्या चालू ठेवाव्यात' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, जाहिरातीत नव्हतं. दोन खास नळ्या भरल्या. भरल्यावर त्यानं त्या हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलट्यासुलट्या केल्या, आणि मी बर्फ देऊ का विचारलं तर घाईनं नको म्हणाला. या नळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, आतलं औषध डीएनए टिकवून धरतं. तीन आठवडे लागतील म्हणून सांगून कुरिअरला गेला.

रिपोर्ट जूनच्या सुरुवातीला आला. 'सिग्नल आढळला नाही.' पुतण्याचा लगेच मेसेज, "काकू, पार्टी!" सासूबाईंना एव्हाना कुणकुण लागली होतीच, त्यांनी गणपतीला नारळ दिला. मलाही त्या रात्री झोप लागली, हे नाकारत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं ते शंभरात सतरा डोक्यातून जात नव्हतं. एका रिपोर्टचं म्हणणं आकडा जास्त, दुसऱ्याचं म्हणणं सिग्नल नाही, आणि दोन्ही एकाच हाताच्या रक्ताचे.

जुलैत पुन्हा मिरजेला सोनोग्राफी. ओव्हरी तशाच स्वच्छ, गर्भाशय तसंच जाडं. मॅडमनी फाइल मिटली. मी विचारलं, पुन्हा सीए-१२५ कधी करायचं? "करूच नका. पोट सतत फुगल्यासारखं वाटलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, ओटीपोटात दुखलं, लघवीला सारखं जावं लागलं, आणि हे दोन-तीन आठवडे थांबलं नाही, तर या. कॅलेंडर बघून येऊ नका." आकडा ४१ वरच राहिला आणि विषय संपला. हे आमच्या ह्यांना अजून पटलेलं नाही. आकडा ३५ च्या आत आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

उठताना मॅडमनी विचारलं, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कधी केलीय? गर्भाशयमुखाची तपासणी? दोन्ही कधीच नाही. पॅकेजात नव्हत्या ना. एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीचा, नमुना त्यांनी तिथंच घेतला, पाच मिनिटांचं काम. ही तपासणी सिद्ध झाली ती आपल्याच मातीत. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले होते. बार्शीला आमची मावशी राहते, आम्ही भगवंताच्या दर्शनाला शंभरदा गेलोय, पण हे कधी कानावर आलं नव्हतं. माझी एचपीव्ही निगेटिव्ह आली, ऑगस्टमध्ये मॅमोग्राफीही झाली. दोन्हींचे मिळून चार हजार.

पैशांचं सांगते, कारण हे आधी कुणी सांगत नाही. मेडिक्लेमला मी सगळी बिलं लावली होती. क्लेम नामंजूर. पत्रात कलम दिलं होतं : केवळ तपासणी आणि निदानासाठीचा खर्च पॉलिसीत बसत नाही, ॲडमिट व्हावं लागतं. हे कलम जवळपास सगळ्याच पॉलिसींत असतं, भांडून उपयोग नाही. मात्र प्राप्तिकराच्या जुन्या कररचनेत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीत प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला पाच हजारांपर्यंत दाखवता येतात, आणि ते रोख भरले असले तरी चालतात. पावती नावानिशी घ्या. लॅबवाले कच्च्या कागदावर टेकवतात, मी दोनदा परत पाठवून पक्की घेतली. आणि सगळे रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलमध्ये ठेवा, प्रत्येकावर पाळीची तारीख पेनानं लिहून. मिरजेत त्या एका सवयीनं माझा अर्धा वेळ वाचला.

शाखेतल्या बाकी तिघींचे आकडे तेव्हा मर्यादेत होते, म्हणून त्या निर्धास्त. त्यांच्यातल्या दोघींना मी मॅमोग्राफीला पाठवलंय, एक अजून 'बघू' म्हणतेय.

आमच्या कॉलनीतल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या 'आशा' कार्यकर्त्या, मधल्या काळात फॉर्म घेऊन दोनदा येऊन गेल्या होत्या, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा भरतात तो. वय, कंबरेचा घेर, तंबाखू, घरातले आजार, असे प्रश्न असतात आणि त्याला गुण असतात. चारच्या वर गुण गेले की आधी बोलावतात. "तुम्ही बँकेत, घरी सापडताच कुठं," म्हणाल्या. रविवारी गाठून आम्हा दोघांचा भरला. माझे बेतास बात. ह्यांचे तंबाखूमुळं चढले. मग शुक्रवारी अर्धी रजा टाकून दोघं आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, गेलो. खर्च शून्य, गर्दी फारशी नाही. माझी स्तनांची तपासणी झाली. ह्यांना खुर्चीत बसवून आ करायला लावलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे पंचविशीतली मुलगी. तिनं टॉर्च मारला, बोटानं गाल बाहेर ओढला आणि बराच वेळ डाव्या बाजूला बघत राहिली. ह्यांची चिमूट तिथंच असते.

"काका, इथं पांढरं आहे. बोट लावलं तर झोंबतं का?"

हे म्हणाले, तिखट खाल्लं की जरा. ती म्हणाली, घाबरू नका, पण तंबाखू आजपासून बंद, पंधरा दिवसांनी पुन्हा बघते, गेलं नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे तुकडा काढायला पाठवते. पुन्हा या म्हणून तारीख कार्डावर लिहून दिली. ह्यांनी खिशातला 'सिग्नल आढळला नाही'चा रिपोर्ट काढून दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो, तो माझा आहे.

पंधरा दिवस पुढच्या शुक्रवारी भरतायत. डबी मी कपाटात टाकून किल्ली माझ्याकडे ठेवलीय. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही सांगून ठेवलंय, तो हसतो, पण अजून तरी देत नाही म्हणे.